'मागामागे'ची चौदा महिन्यांची वाट: एका जपानी लोककथेचे नाटक करताना

24 नोव्हेंबर 2024 रोजी, रविवारी संध्याकाळी सहा वाजता, टोकियोच्या एदोगावा वॉर्डातील एका दोनशे आसनांच्या सार्वजनिक सभागृहात आमच्या 'मागामागे' या नाटकाचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रयोग झाला. आम्ही एकूण अकरा जण होतो, त्यांतले सात मराठी आणि चार जपानी, आणि नाटक हा कोणाचाच पोटापाण्याचा धंदा नाही. प्रयोगानंतर दुसऱ्या शहरांत राहणाऱ्या काही मराठी मंडळींनी 'सभागृह कसे मिळाले', 'हक्कांचे काय केलेत', 'खर्च किती आला' असे विचारले. प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहून ठेवावे, असे मला वाटले.

सुरुवात 2023 च्या गणपतीत झाली. दर वर्षी आम्ही एखादी एकांकिका करतो, शेजारचे जपानी लोक कौतुकाने येतात, तासभर हसऱ्या चेहऱ्याने बसतात आणि काहीही न समजता मोदक घेऊन घरी जातात. त्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एका आजींनी मला जिन्यात गाठून अगदी अदबीने विचारले की, पुढच्या वेळी मला आधीपासून ठाऊक असलेली एखादी गोष्ट कराल का. माझ्या मुलीने बालवाडीच्या वार्षिक कार्यक्रमात पुठ्ठ्याचे पंख लावून 'त्सुरु नो ओन्गाएशी', म्हणजे क्रौंचाने केलेली उपकाराची फेड, ही गोष्ट केली होती, त्यामुळे ती गोष्ट माझ्या तोंडी आली. आजी म्हणाल्या, "ती तर सगळ्यांनाच येते." झाले, तिथेच ठरले.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक गरीब माणूस बाण लागलेल्या क्रौंचाला सोडवतो. बर्फाच्या रात्री एक अनोळखी तरुणी त्याचे दार ठोठावते आणि त्याच्या घरात राहते. ती म्हणते, मी कापड विणते, पण विणताना आत डोकावायचे नाही. कापड असे निघते की पाहणाऱ्याचे भान हरपावे. पैसे येतात, आणखी कापडाची मागणी होते, आणि शेवटी तो डोकावतो. आत एक क्रौंच स्वतःची पिसे उपटून विणत बसलेला असतो. पाहिले गेल्यावर ती उडून जाते. या कथेची दोन रूपे सर्वत्र चालतात. एकात ती म्हाताऱ्या जोडप्याची लेक होऊन येते, दुसऱ्यात तरुणाची बायको होऊन. मुलांच्या पुस्तकांत बहुधा पहिले रूप असते. आम्हाला दुसरे हवे होते.

ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने वाचनात आणि हक्कांचा गुंता सोडवण्यात गेले. या विषयात हात घालणाऱ्याने पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की, लोककथा कोणाच्याच मालकीची नसली तरी तिच्यावरचे प्रसिद्ध नाटक कोणाचे तरी असते. किनोशिता जुन्जी यांचे 'युझुरु' हे नाटक 1949 साली आले. यामामोतो यासुए या अभिनेत्रीने त्यातल्या बायकोची भूमिका हजाराहून अधिक प्रयोगांत केली, आणि दान इकुमा यांनी 1952 मध्ये त्याचा ऑपेरा केला. जपानी माणसाच्या डोक्यात आज या कथेचे जे रंगमंचावरचे चित्र असते, ते मुख्यतः या नाटकाने घडवलेले आहे. किनोशिता 2006 साली वारले. जपानमध्ये कॉपीराइटची मुदत 2018 च्या अखेरीस लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे अशी वाढवली गेली, म्हणजे हे नाटक 2076 अखेरपर्यंत संरक्षित आहे. भारतात हीच मुदत साठ वर्षांची असल्यामुळे, पुण्यात किंवा नाशकात कोणी हे करू पाहील तर त्याने 2066 हे साल ध्यानात ठेवावे.

इथे आमची एक गैरसमजूत होती, ती मुद्दाम सांगते. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या 38व्या कलमाप्रमाणे नफ्याचा हेतू नसेल, प्रेक्षकांकडून पैसे घेतले जात नसतील आणि कलाकारांना मानधन दिले जात नसेल, तर प्रसिद्ध झालेल्या कृतीच्या प्रयोगाला परवानगी लागत नाही. आम्ही हे वाचून खूश झालो होतो. पण ही सवलत कृती आहे तशी सादर करण्यापुरती आहे. भाषांतर किंवा रूपांतर करायचे असेल तर परवानगी घ्यावीच लागते. तेव्हा 'युझुरु' मराठीत आणण्याचा विचार आम्ही सोडला आणि लोककथेकडूनच सुरुवात केली. पात्रांची नावे त्या नाटकातली वापरायची नाहीत, हे सोपे होते. अवघड होते ते दुसरेच. त्या नाटकात नवरा पैशाविषयी बोलू लागला की बायकोला त्याची भाषाच कळेनाशी होते. आमचा संच दोन भाषांचा असल्याने प्रत्येकाला हेच सुचत होते की बायकोला जपानी आणि नवऱ्याला मराठी बोलायला लावावे. ते दिसायला सुरेख दिसले असते, कायद्याने कदाचित कोणी अडवलेही नसते, पण ती कल्पना दुसऱ्याची होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. डिसेंबरमधल्या एका रात्री दोन तास वाद घालून आम्ही ती बाजूला ठेवली.

त्याच महिन्यात मी पहिली संहिता लिहिली, आणि ती फसली. माझे आजोळ येवल्याचे. मामांच्या घरी माग, लहानपणी मी धाग्याच्या कांड्या भरून दिलेल्या, तेव्हा विणकामाची गोष्ट म्हटल्यावर मी ती बिनदिक्कत येवल्यात नेऊन ठेवली. परकी गोष्ट पार आपली करून टाकण्याची आपल्या रंगभूमीची जुनी खोड आहे, आणि तिच्यातून उत्तम नाटकेही निघाली आहेत. पण इथे दोन ठिकाणी टाके उसवले. एक म्हणजे, येवल्याच्या घरात माग हा घराच्या मधोमध असतो. एक जण विणतो, दुसरा कांड्या भरतो, तिसरा तुटलेला धागा सांधतो, पोरे मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून गृहपाठ करतात. दार लावून एकटीने विणणे ही तिथे कल्पनाच बसत नाही. आणि दुसरे म्हणजे, अनोळखी बाईने रात्री दार ठोठावले तर सकाळपर्यंत अर्ध्या पेठेला तिचे माहेर, कूळ आणि मोडलेले लग्न ठाऊक झालेले असते. जपानी गोष्टीत तिला कोणी काही विचारत नाही, कारण बाहेर बर्फ आहे. त्या बर्फात माणसाला आत घ्यायचे असते, चौकशी नंतर. बर्फ काढला की गोष्टीचा पायाच निघतो, हे मला कळले खरे, पण बर्फातले गाव मी कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून 11 फेब्रुवारी 2024 रोजी, जोडून आलेल्या सुटीत, मी आणि आमची दिग्दर्शक मैत्रीण यामागाता प्रांतातील नान्यो या गावी गेलो. तिथल्या उरुशियामा भागात चिन्झोजी नावाचे देऊळ आहे, आणि ही कथा त्याच देवळाच्या उगमाची म्हणून तिथे सांगितली जाते. देवळाच्या पूर्ण नावात 'काकुफुझान', म्हणजे 'क्रौंचवस्त्राचा डोंगर', हे शब्द आहेत. टोकियोहून यामागाता शिनकान्सेनने आकायु स्थानकापर्यंत सुमारे अडीच तास लागतात, आणि तिथून पुढे एका डब्याची छोटी गाडी मिळते. त्या मार्गावरच्या आमच्या स्थानकाचे नाव 'ओरिहाता' होते, म्हणजे जवळजवळ 'विणमाग'च. जाण्यायेण्याला माणशी वीस हजार येनांहून अधिक लागले. तो खर्च आम्ही पदरचा केला, नाटकाच्या हिशेबात धरला नाही. त्या छोट्या गाडीच्या फेऱ्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी लिहून घ्यावी. आम्ही ती लिहून घेतली नव्हती आणि स्थानकावर सव्वा तास कुडकुडत बसलो.

'युझुरु नो सातो' या तिथल्या संग्रहालयात स्थानिक बोलीत गोष्टी सांगणाऱ्या स्त्रिया असतात. आम्ही आधी फोन करून वेळ घेतली होती. ज्या आजींनी आम्हाला गोष्ट सांगितली त्यांची बोली मला निम्मीच समजली, पण जे पाहिले ते सगळ्या नाटकाला पुरले. मागाचा आवाज त्या तोंडाने काढीत होत्या, 'तोन्कारारी, तोन्कारारी', आणि उजवा तळहात गुडघ्यावर हलकेच आपटीत होत्या. पहिल्या कापडाला हात चपळ होता. दुसऱ्याला थोडा जड झाला. तिसऱ्याला दोन ठोक्यांमधले अंतर इतके वाढले की आम्ही पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागलो, आणि मग तो आलाच नाही. हात गुडघ्याच्या वर बोटभर थांबला. पुढचे वाक्य ती उडून गेल्याचे होते. मधले, आत काय दिसले ते, त्यांनी सांगितलेच नाही. नंतर चहा घेताना मी त्याविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मुलं विचारतात, किती पिसं उरली होती. मी म्हणते, मला काय ठाऊक? पाहायचं नाही असं सांगितलं होतं ना."

परतीच्या गाडीत आम्ही पंख रद्द केले. तोवर आमच्या आराखड्यात शेवटी एक नृत्य होते, दिव्यांचे पंख होते आणि पडद्यावर सावली होती. ते सगळे काढून टाकले. मागावर बसलेली बाई प्रेक्षकांना एकदाही दिसणार नाही, फक्त ऐकू येईल, हे त्या गाडीत ठरले, आणि पुढच्या नऊ महिन्यांत आम्ही ते बदलले नाही.

दुसरी संहिता मार्च आणि एप्रिलमध्ये झाली. गाव बर्फातले राहिले, घर जपानी राहिले, बोलणे मराठी झाले. निवेदन करणारी म्हातारी मात्र जपानीतच बोलणार होती, आणि ते काम आमच्या जिन्यातल्या आजींनी मागून घेतले. 'आधुनिक' करायचे म्हणजे काय, यावर आम्ही आधी बरेच भलतेसलते विचार केले होते. एका आराखड्यात नवरा संगणकाच्या कंपनीत रात्रपाळी करीत होता. शेवटी बदल एवढाच उरला की नवरा हिशेबाची वही लिहितो. आत माग चालू असतो आणि बाहेर तो दिवा घेऊन येणे-देणे मांडीत बसतो, त्याच्या आकड्यांचा ताल हळूहळू मागाच्या ठोक्यांशी जुळतो, आणि आतला ठोका मंदावला की त्याची बेरीज अडते. त्याला बायकोची काळजी वाटते म्हणून तो उठतो की बेरीज अडली म्हणून, हे संहितेत कुठेही लिहिलेले नाही.

शब्दांनी सर्वांत जास्त छळले ते पक्ष्याच्या नावापाशी. 'करकोचा' म्हटले की मराठी माणसाला कोल्ह्याच्या घरची खीर आठवते. पहिल्या वाचनाला आमच्यातले दोघे त्या शब्दाला हसले, तेव्हाच तो गेला. 'सारस' आपल्या शेतांतला, जोडीने राहणारा, बर्फाशी संबंध नसलेला. 'क्रौंच' जरा पुस्तकी वाटतो खरा, पण त्याच्याबरोबर व्याधाचा बाण आणि वाल्मीकीचा शोक फुकट मिळतो, आणि ही गोष्टही बाणापासूनच सुरू होते. तरी नवऱ्याच्या तोंडी आम्ही तो घातला नाही. तो सबंध नाटकात 'पाखरू' म्हणतो. 'क्रौंच' हा शब्द फक्त पत्रकात छापला. 'ओन्गाएशी'लाही असेच झाले. 'उपकाराची फेड' म्हटले की सुविचाराच्या फळ्यासारखे वाटते, आणि 'पांग फेडणे' जवळ जाते पण त्यात आई-बाप येतात. म्हणून नाव भलतीकडूनच आले. माग म्हणजे विणायचा माग, माग म्हणजे पाऊलखूण, आणि 'माग' म्हणजे 'काय हवे ते माग'. नवऱ्याच्या तोंडी दुसऱ्या प्रवेशात "माग, काय हवं ते माग" असे वाक्य आधीपासूनच होते, त्यामुळे 'मागामागे' हे नाव आमच्या दिग्दर्शकाला सुचताच कोणी हरकत घेतली नाही. जपानी सदस्यांना ते समजावताना मात्र माझी दमछाक झाली.

मे महिन्यात सभागृहाची खटपट सुरू झाली. वॉर्डाच्या सभागृहांसाठी आधी गटाची नोंदणी करावी लागते. आमच्या बाबतीत निम्म्याहून अधिक सदस्य वॉर्डात राहणारे किंवा काम करणारे असल्याचे दाखवावे लागले, म्हणून अकरा जणांच्या पत्त्यांची यादी आणि ओळखपत्रे जमवली. दोन आठवड्यांनी क्रमांक मिळाला. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून तारखा वाटल्या जातात. पहिल्या सोडतीत आम्हाला काहीच मिळाले नाही, आणि दुसऱ्यात एका मंगळवारची सकाळ मिळाली. जूनच्या मध्यावर कोणीतरी सोडलेली 24 नोव्हेंबरची तारीख रात्री साडेअकराला यादीत दिसली आणि मी ती भीतीपोटी लगेच घेतली, संचाला न विचारता. सोडतीत हरल्यावर रोज रात्री रद्द झालेल्या तारखा पाहत राहावे. आम्हाला मिळाली ती तशीच. दुसरी गोष्ट दराची. तिकीट लावले तर त्या सभागृहाचे भाडे वाढत होते, म्हणून प्रवेश विनामूल्य ठेवला. आमच्यापैकी दोघी अवलंबितांच्या व्हिसावर आहेत, त्यांना मानधन देण्याघेण्याचा प्रश्नही त्यामुळे उरला नाही. पैसे घ्यायचे झाले असते तर त्यांना वेगळी परवानगी काढावी लागली असती.

तालमी जुलैत सुरू झाल्या, शनिवार-रविवार, वॉर्डाच्या लहान खोल्यांमध्ये, सरासरी नऊशे येन एका वेळेला. अशा बावीस तालमी झाल्या. दिवाळीच्या आठवड्यात निम्मा संच गायब होता, त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही.

बर्फाविषयी मात्र बोलायला हवे. काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारात बर्फ पडतो तो ऐकूही येतो. मोठ्या ढोलावर कापड गुंडाळलेल्या काठीने अगदी हलके, सारख्या अंतराने ठोके देतात; त्याला 'युकिओतो', बर्फाचा आवाज, म्हणतात. खरा बर्फ आवाज करीत नाही, पण तो ठोका ऐकला की छातीत बर्फ पडतो. आमच्याकडे गणपतीतला ढोल होता. त्याच्या टिपरूला जुन्या सुती ओढणीचे चार वेढे दिले आणि वाजवून पाहिले, तर थेट मिरवणूक निघाल्यासारखे वाटले. पान सैल केले, वेढे आठ केले, मारायचे नाही तर टिपरूचे वजन नुसते सोडायचे असे ठरवले, तेव्हा कुठे आवाज बसला. खोल्यांमध्ये ढोलाला मनाई असल्यामुळे हा सगळा उद्योग ऑगस्टच्या उन्हात अराकावा नदीच्या बांधावर, सायकलवाल्यांच्या वाटेत चालला होता.

मागाचा आवाजही असाच शोधावा लागला. मामांनी येवल्याहून एक जुना लाकडी धोटा, म्हणजे आडवा धागा मागावर इकडून तिकडे नेणारे अवजार, पाठवला; तो ओळखीच्या एका काकांच्या सामानातून सप्टेंबरात पोहोचला. हाताला गुळगुळीत, एका टोकाला चिरलेला, आणि आत अजून जांभळ्या रेशमाचा एक तुकडा अडकलेला. मी तो लाकडी चौकटीवरून सरकवायचे आणि लगेच फणीच्या जागी लावलेली फळी ओढायचे. मला मंचावर काम नव्हते. मी पडद्यामागे बसून फक्त हेच केले.

22 ऑक्टोबरला सभागृहाच्या तंत्रज्ञांबरोबर 'उचिआवासे', म्हणजे पूर्वनियोजनाची बैठक, झाली. इथे तोंडी सांगणे चालत नाही. प्रकाशयोजनेचा आराखडा, मिनिटागणिक कार्यक्रमपत्रक आणि कोण कोणत्या प्रवेशात कुठून येते याचा तक्ता, असे तीन कागद हवे असतात. प्रेक्षकांच्या उजव्या हाताची बाजू 'कामिते' आणि डावी 'शिमोते'. आपल्याकडे नट स्वतःची डावी-उजवी धरतो की प्रेक्षकाची, यावर जो गोंधळ होतो तो यात होत नाही, म्हणून आम्ही पुढे मराठी तालमीतही हेच शब्द वापरले. प्रकाशाच्या सूचना शब्दांत न देता क्रमांकाने द्याव्यात, हेही त्याच दिवशी शिकलो. दिवे चालवणाऱ्याला मराठी येत नव्हते, पण 'सतरा' म्हटले की काय करायचे ते त्याला पाठ झाले. रंगीत तालमीला इथे 'गेनेप्रो' म्हणतात, तो शब्द जर्मनमधून आलेला आहे, आणि नाटकवाले संध्याकाळी भेटले तरी एकमेकांना 'सुप्रभात' म्हणतात.

त्या बैठकीत खरा पेच पडला तो आगीच्या नियमांचा. रंगमंचावर उघडी ज्योत लावायची तर अग्निशमन केंद्राची आधी मंजुरी घ्यावी लागते. नवऱ्याच्या हातातला दिवा आम्ही त्यामुळे लगेच विजेरीचा केला, त्याचे दुःख नव्हते. पण मंचावरचे कापडही 'बोएन', म्हणजे सहजी पेट न घेणारे, असावे लागते आणि तसा छापाचा बिल्ला त्यावर दाखवावा लागतो. आमचा मागापुढचा पडदा येवल्याहून आणलेल्या सुती कापडाचा होता. मामींनी हाताने शिवलेला. तंत्रज्ञांनी तो उलटसुलट करून पाहिला, फार सुंदर आहे असे म्हटले आणि बिल्ला कुठे आहे असे विचारले. दोन दिवसांनी आम्ही बिल्ल्याचे पांढरे कापड 9,300 येनांना विकत घेतले. कागदी बर्फही तसाच प्रक्रिया केलेला विकत मिळतो, घरी कातरत बसू नये. तो वरून पाडण्यासाठी आम्ही धुण्याच्या एका प्लॅस्टिकच्या टोपलीला भोके पाडून दोरीने टांगली. दोरी हलवली की बर्फ पडे, आणि न हलवताही थोडा पडतच राही.

शेवटच्या प्रवेशात आम्हाला मिट्ट काळोख हवा होता. बाहेर पडण्याच्या दारांवरचे हिरवे दिवे मालवता येणार नाहीत, असे नम्रपणे सांगण्यात आले. मी दोनदा विनंती केली, दोन्ही वेळा तेच नम्र उत्तर मिळाले. त्यामुळे क्रौंच उडून जातो तेव्हा डाव्या भिंतीवर एक हिरवा माणूस दाराकडे पळत असतो. ज्यांना काळोखावर नाटक उभे करायचे आहे, त्यांनी हे संहिता लिहिण्याआधीच सभागृहात जाऊन पाहावे.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी नऊला दार उघडले. रात्री साडेनऊला किल्ली परत द्यायची होती, त्यात मांडामांड, तालीम, प्रयोग, झाडलोट सगळे आले. गेनेप्रो अर्धीच झाली. दुपारी तीन वाजता माझे हात इतके गार पडले होते की धोटा धरवेना, आणि जिन्यातल्या आजी मात्र किमोनोची गाठ नीट करीत भाताचे गोळे खात होत्या. 143 प्रेक्षक आले, त्यांत साधारण निम्मे जपानी होते.

चूक झाली ती माझ्याच हातून. तिसऱ्या कापडाच्या वेळी ठोके मंदावत न्यायचे होते, एकूण एकवीस. तेराव्या ठोक्याला धोटा हातातून निसटून पडला आणि काळोखात लांब घरंगळला. मागाचा आवाज थांबला. आवाज थांबला की उठायचे, हे नवऱ्याच्या अंगवळणी पडलेले, पण ठोके पुरे झालेले नाहीत हे त्यालाही ठाऊक होते. तो वही हातात धरून तसाच बसून राहिला. मी जमिनीवर चाचपडत होते. ढोलवाल्याने काय समजून कोण जाणे, बर्फाचा ठोका चालू ठेवला. मग नवरा उठला आणि पडद्याकडे आला, आठ ठोके आधीच, आणि पुढचे सगळे तसेच पुढे सरकले. शेवटी आजींनी त्यांच्या इवाते प्रांताकडच्या गोष्टींचा शेवट असतो तसे 'दोन्दो हारे' म्हटले. त्याला जोडून आम्ही आपली 'साठा उत्तरांची कहाणी' म्हणावी असा आग्रह काहींचा होता. पण जी सुफळ नाही तिला सुफळ संपूर्ण कसे म्हणायचे, म्हणून ते मी आधीच काढले होते.

बाहेर पडताना एका वयस्क जपानी बाईंनी मला थांबवून विचारले, "त्याने इतक्या लवकर का पाहिले?" मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, नाही नाही, तुम्हाला नाही, त्याला विचारते आहे.

हिशेब असा: सभागृह व त्याची यंत्रसामग्री 59,100 येन, तालमींच्या खोल्या 19,800, लाकूड, कापड आणि कागदी बर्फ 27,600, पोशाख भाड्याने 14,000, छपाई 6,200, प्रयोगाच्या दिवशीचे डबे व चहा 9,900. एकूण 1,36,600. प्रत्येकी 12,500 येन काढले होते, म्हणजे 900 येन उरले. मागाची चौकट कुठेच ठेवता येईना, तेव्हा ती मोठ्या कचऱ्यात द्यायचे ठरले. त्यासाठी फोन करून तारीख घ्यावी लागते आणि दुकानातून चिकटपट्ट्या आणून चिकटवाव्या लागतात. आमच्या चौकटीला 800 येनांच्या, म्हणजे तीनशेच्या दोन आणि दोनशेची एक लागल्या. तारीख 14 डिसेंबरची मिळाली. सकाळी आठच्या आत चौकट खाली नेऊन ठेवायची होती, ती आजींनी आणि मी मिळून उतरवली. त्याच दुपारी मामांचा फोन आला. नाटक कसे झाले ते विचारून झाल्यावर ते म्हणाले, "आणि माझा धोटा?"

तो अजून सापडलेला नाही. सभागृहाच्या हरवलेल्या वस्तूंच्या वहीत मी त्याचे वर्णन लिहून आले आहे: लाकडी, वीतभर, एका टोकाला चिरलेला.